उस्तानींची अल्हम्द

खाटेशेजारच्या स्टुलावर एकोणतीस कार्डं होती. पांढऱ्या पुठ्ठ्याची, प्रत्येक तीन बोटं रुंद, आणि प्रत्येकावर काळ्या स्केचपेनने मी एक अरबी शब्द लिहिला होता. त्यांच्या बाजूला चित्रांची वीस कार्डं, एक वही, एक पेन्सिल आणि पाण्याचा पेला. खाटेवर उशीला टेकून उस्तानी बसल्या होत्या. त्यांचा उजवा हात मांडीवर ठेवला की ठेवलेल्या जागीच राहायचा. डावा चालत होता.

"उस्तानी, आता हे दुसरं," मी म्हटलं. "मी एक शब्द बोलेन. समोरच्या तीन कार्डांत तो कुठे आहे, त्यावर बोट ठेवायचं. चित्रांचं केलं तसंच."

चित्रांचं छान झालं होतं. चमचा, होडी, कोयता, बकरी. वीसपैकी सतरा बरोबर. तीन कार्डं मांडली, मी नाव घेतलं, की डाव्या हाताची तर्जनी सावकाश यायची आणि चित्रावर टेकायची. कोयत्याच्या चित्राला तर त्या हसल्याही होत्या, कारण माझा कोयता मासळीसारखा दिसत होता.

मी अरबी कार्डं मांडली. "अर्रहमान."

हात हलला नाही. घड्याळात दहा सेकंद मोजले. वहीत फुली मारली.

"नस्तईन."

हात हलला नाही. त्यांनी कार्डांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खिडकीबाहेर खाडीकडे. फुली.

एकोणतिसाव्या फुलीपर्यंत त्यांनी खिडकीवरून नजर काढली नव्हती.

उस्तानींचं नाव खैरुन्निसा मुकादम. सावित्रीच्या खाडीवरच्या आमच्या गावात पन्नाशीच्या आतली एकही बाई अशी नव्हती, जी त्यांच्या पडवीत बसून कुराण वाचायला शिकली नव्हती. एक्केचाळीस वर्षं. दुपारची शाळा सुटली की आम्ही मुली त्यांच्याकडे. अर्थ त्या शिकवत नसत, अरबी त्यांनाही बोलता येत नसे. त्या वाचायला शिकवत. कोणता हर्फ, म्हणजे अक्षर, घशाच्या तळातून, कोणता जिभेच्या कडेवरून, कोणता स्वर किती लांबवायचा. लांबी त्या बोटांनी मोजत. एक बोट मिटलं म्हणजे एक माप. इथे दोन बोटं, इथे चार, इथे सहा. साडेपाच चालत नसे. पुढे महाडला बी.एस्सी.ला भौतिकशास्त्राच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी विचारलं होतं, दोलकाचे झोके मोजायला तुला आधी कोणी शिकवलं का. मी नाही म्हणाले. ते खरं नव्हतं.

त्या वर्षी परीक्षा संपवून मी गावी आले तेव्हा उस्तानींना झटका येऊन सात आठवडे झाले होते. उजवी बाजू गेली होती, आणि बोलणं. "नाय" म्हणता यायचं, "पानी" म्हणता यायचं, बाकी सगळ्याची जागा "बा बा बा"ने घेतली होती. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आधी समज किती शिल्लक आहे ते बघा, मग वाचेच्या डॉक्टरांकडे पाठवतो. घरात त्यांची सून जमिलाभाबी एकटी. मुलगा अश्फाक दोह्याला. भाबींनी मला बोलावून घेतलं होतं. "तू सायन्स शिकलीस. तूच बघ गो."

मी बघितलं होतं. चित्रं सतरा, अल्हम्द शून्य.

अल्हम्द म्हणजे कुराणाची पहिली सूरत, पहिला अध्याय. बिस्मिल्लाह धरून सात आयती, एकोणतीस शब्द. नमाजीच्या प्रत्येक रकातीत, म्हणजे उभं राहणं, वाकणं आणि सजदा या प्रत्येक फेरीत, ती पढावीच लागते. ती नाही तर नमाज नाही. म्हणून मी तिचेच शब्द निवडले होते. या घरात त्या शब्दांपेक्षा ओळखीचं दुसरं काय असणार?

भाबी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. मी वही दाखवली.

"म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"आपली बोली समजते त्यांना. अरबी गेलेली दिसते. असं होतं म्हणे. लहानपणची भाषा राहते, नंतर शिकलेली जाते."

भाबींचा हात थांबला. "अम्मीची? अरबी?"

"एकोणतीसमध्ये एकही नाही, भाबी."

भाबींनी भाकरी उलटली. "अजान झाली की भिंतीकडं तोंड करतात. सात आठवडे झाले. मी म्हटलं, अम्मी, बसून पढा, इशाऱ्यानं पढा. नुसतं नाय, नाय. आता कळलं. पढणार काय, आठवतच नाय तर."

रात्री दोह्याहून फोन आला. अश्फाकभाईंनी माझ्याशी बोलायला मागितलं आणि दोनदा विचारलं, "नक्की ना? तू नीट बघितलंस ना?" मी नीट बघितलं म्हणाले. सकाळी भाबींनी उशाजवळची कुराणाची प्रत उचलली, हिरव्या कपड्यात बांधली आणि कपाटावर ठेवली. ती वाचताना ठेवायची लाकडी रेहलही मिटून ठेवली. डोळ्यांसमोर राहिलं तर जिवाला लागतं, असं त्यांचं म्हणणं. हे मी नंतर ऐकलं. हेही ऐकलं, की उस्तानींनी कपाटाकडे एकदा पाहिलं आणि त्या दिवशी पेज घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही दोनच चमचे.

मी घरी वही उघडून बसले होते. डॉक्टरांना दाखवायला तक्ता सुबक करायचा होता. चित्रांच्या बाजूला मी टक्केवारी लिहिली, पंच्याऐंशी. अरबीच्या बाजूला शून्य लिहिलं आणि मग सवयीने त्याखाली आणखी एक आकडा काढला, नुसत्या अंदाजाने उत्तरं दिली असती तर किती बरोबर आली असती तो. तिनात एक. एकोणतिसाला तीनने भागलं.

नऊ-दहा.

ज्याला अरबीचा गंध नाही, अशा कोणीही डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी नऊ-दहा बरोबर आली असती. शून्य यायला एकतर सगळं माहीत असून मुद्दाम चुकायला हवं, नाहीतर बोटच ठेवायला नको. आणि बोट ठेवलंच नव्हतं. चुकलेल्या उत्तराची आणि न दिलेल्या उत्तराची फुली मी एकाच रकान्यात मारली होती. पहिल्या वर्षाच्या मुलीनेही केली नसती अशी ती चूक होती.

उस्तानींना येत नव्हतं, असं त्या तक्त्यात कुठेच नव्हतं. त्यांनी कार्डाला हात लावला नव्हता, एवढंच होतं.

तिसऱ्या दिवशी दहा वाजता मी पुन्हा गेले. भाबींना काही सांगितलं नाही. कार्डं पिशवीत होती. ती काढण्याआधी मी परसातल्या टाकीवर गेले आणि नमाजीआधी करतात तो वुजू केला. हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, ओलं बोट केसांवरून, पाय. पहिल्या दिवशीही केला होता. कुराणाचे शब्द हातात धरायचे तर आधी वुजू, हे इतक्या लहानपणी अंगात मुरलेलं, की विचार करावा लागत नसे. ते मुरवलंही त्यांनीच होतं. न धुता पडवीत आलेल्या मुलीला त्या ओरडत नसत. नुसत्या टाकीकडे बोट दाखवत.

ओल्या हातांनी मी खोलीत आले. कोपरावरून पाणी ठिबकत होतं. खाटेशी वाकले, तेव्हा उस्तानींचा डावा हात उचलला गेला, माझ्या बाहीच्या ओल्या कडेला लागला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी तो हात स्वतःच्या उजव्या हातावर ठेवला, त्या न हलणाऱ्या हातावर, आणि माझ्याकडे पाहिलं.

मी किती वेळ तशी उभी राहिले, ते मोजलं नाही.

"भाबी," मी हाक मारली. "उस्तानींचा वुजू कोण करून देतं?"

भाबी दारात आल्या. "वुजू? सकाळी अंग पुसते ना मी. साबण लावून, गरम पाण्यानं. स्वच्छ असतात त्या."

"स्वच्छ नाही. वुजू."

भाबी माझ्याकडे पाहत राहिल्या. मग उस्तानींकडे. मग खाली बसल्या, उंबऱ्यावरच.

"कोण करणार?" त्या हळूच म्हणाल्या. "कोणी नाय केला. मला सुचलंच नाय गो. नमाज पढत नाहीत, तर वुजू कशाला, असंच..."

"आणि वुजू नाही म्हणून कार्डाला हात लावत नव्हत्या."

"अम्मी, सांगायचं तरी," भाबी म्हणाल्या, आणि काय बोललो ते कळून त्यांनी तोंडावर पदर घेतला. उस्तानींच्या तोंडाची एक बाजू हसली. दुसरी हसू शकत नव्हती.

आम्ही एक पसरट पातेलं आणलं, तांब्या आणला, खांद्यावर टॉवेल टाकला. मी पहिल्यांदाच दुसऱ्या माणसाचा वुजू करत होते. चूळ भरताना पाणी उजव्या ओठावरून गळून छातीवर आलं. भाबींनी पुसलं. चेहऱ्यावर पाणी घेतलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. नियत, म्हणजे मनातला संकल्प, तिथेच करायची असते. मग मी जवळचा म्हणून डावा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला.

"उजवा आधी," भाबी म्हणाल्या. "बघ, मार खाशील."

उजवा हात मी दोन्ही हातांनी उचलला. तो जड होता आणि त्याला माझ्या हातांची काही खबर नव्हती. बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत तीनदा पाणी घातलं. याच हाताची बोटं मिटताना पाहून मी मोजायला शिकले होते. मी एकेक बोट सोडवून त्याच्यामधलंही धुतलं. मग डावा, मग डोकं, मग पाय, उजवा आधी.

पाय पुसून झाल्यावर मी कार्डं काढली. तीन मांडली.

"अर्रहमान."

बोट आलं आणि टेकलं. बरोबर.

"नस्तईन." बरोबर. "मुस्तकीम." बरोबर. भाबी भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि प्रत्येक शब्दाला ओठ चावत होत्या. सोळाव्या शब्दाला बोट आलं, कार्डावर टेकलं, पण उठेना. त्याच एका जागी टकटक करत राहिलं. मी वाकून पाहिलं. माझा अक्षराचा एक नुक्ता, एक ठिपका, राहिला होता. मी पेन काढून तो दिला, तेव्हा बोट पुढे सरकलं.

एकोणतीसपैकी एकोणतीस.

भाबींनी कपाटावरून हिरवं बासन उतरवलं. उस्तानींनी प्रत छातीशी धरली, डाव्या हाताने उघडली, पहिलं पान. ओठ हलले.

"बा," आवाज आला. "बा बा. बा."

त्यांनी पुस्तक मिटलं आणि तळहात तोंडावर दाबला, शेजाऱ्याच्या मुलाला गप्प करावं तसा.

तेव्हा मला दुसरी गोष्ट कळली. भिंतीकडे तोंड फिरवणं नुसतं वुजूसाठी नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी आम्हाला एकच सांगितलं होतं, हर्फ बदलला की अर्थ बदलतो, आणि हे शब्द आपले नाहीत, आपण त्यांत बदल करायचा नाही. आता त्यांच्या जिभेवर प्रत्येक हर्फ बदलूनच येत होता. अशा जिभेने अल्हम्द पढणं त्यांना मंजूर नव्हतं. आणि अल्हम्दशिवाय नमाज नव्हती. सगळं त्यांना येत होतं, आणि म्हणूनच त्यांची नमाज संपली होती.

"मनातल्या मनात आपल्या बोलीत पढू दे की," मी बाहेर येऊन भाबींना म्हटलं. "अर्थ तोच ना?"

"ते मला नको विचारू," भाबी म्हणाल्या. "खतीबसाहेबांना विचार."

कासम खतीब आमच्या मशिदीचे इमाम. वय सत्तरीच्या पुढे, दमेकरी, बोलताना मध्ये थांबून श्वास घेणारे. दुपार कलल्यावरच्या असरच्या नमाजीनंतर ते आले, खाटेसमोर आम्ही लावलेल्या पडद्याअलीकडे खुर्चीवर बसले आणि आधी छत्री कुठे ठेवायची याचा बराच विचार केला.

"मला यांची भीती वाटते," ते मला म्हणाले, उस्तानींना ऐकू जाईल असं. "तीस वर्षं झाली. रमजानच्या रात्री तरावीहची नमाज पढवत होतो. दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोच्या हाती निरोप. म्हणे, इमामसाहेबांचा 'ज्वाद' हर्फ पातळ येतो. गावाच्या इमामाला." त्यांनी श्वास घेतला. "पातळच येत होता. घासून घेतला मग."

पडद्यापलीकडे खाट करकरली.

मी माझा प्रश्न विचारला. ते हसले नाहीत.

"दुवा मागायची तर आपल्या बोलीत माग, बाय. अल्लाला बाणकोटी कळते. कुराणाचा मराठी तर्जुमा वाचायचा तर वाच, समजून घेणं चांगलंच. पण तर्जुमा माणसानं केलेला. आज एक, उद्या दुसरा त्याहून चांगला करेल. तो कुराण नाय. उतरलं ते अरबीत. नमाजीत अल्हम्दच्या जागी तर्जुमा नाय चालत."

"आणि जिला ते शब्द बोलताच येत नाहीत, तिने?"

"येत नाय म्हणजे शिकली नाय?"

"शिकली. शिकवली. जीभ ऐकत नाही."

खतीबसाहेबांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "किताब बघावी लागेल," ते म्हणाले. "अंदाजानं सांगणार नाय. यांना तर मुळीच नाय. उद्या दुपारी जोहरच्या नमाजीआधी येतो."

ते गेल्यावर भाबी म्हणाल्या, "हो म्हणायला काय जात होतं त्यांचं?" उस्तानींनी मात्र त्या संध्याकाळी वाडगाभर पेज घेतली.

दुसऱ्या दिवशी ते बारा वाजता आले. किताब कापडी पिशवीत होती, पण ती त्यांनी उघडली नाही.

"ऐका, उस्तानी," ते पडद्याकडे वळून म्हणाले. "आपल्या शाफई मसलकाच्या नियमात असं हाय. अल्हम्द येत नसेल तर कुराणातलं दुसरं काही, तेवढ्याच लांबीचं. तेही नसेल तर जिक्र, अल्लाचं नाव. तेही नसेल तर गप्प राहायचं. अल्हम्दला लागतो तेवढा वेळ. उभं राहता आलं तर उभं, नायतर बसून. तुमच्या मनात ती हाय, तर मनात पढा. ओठ हलतील तेवढे हलू द्या, आवाज काढायची गरज नाय. हर्फ चुकेल ही भीती असेल तर ओठही मिटा. तेवढा वेळ थांबलात की नमाजीचा तो भाग, तो रुक्न, झाला. नमाज झाली."



"म्हणजे काही न बोलणं चालतं, पण मराठी चालत नाही," मी म्हटलं. वाद घालायचा नव्हता, नीट समजून घ्यायचं होतं.

"हां. त्या शब्दांची जागा हाय ती. शब्द नसले तर जागा तशीच राखायची. तिथं आपलं काही आणून ठेवायचं नाय." त्यांनी श्वास घेतला. "आणि तेवढीच राखायची. कमी नाय."

"तेवढा वेळ म्हणजे किती? घड्याळाने सांगू का मी त्यांना? खूण करेन."

खतीबसाहेब काही बोलण्याआधी पडद्यापलीकडून आवाज आला. "नाय."

"झालं उत्तर," ते म्हणाले, आणि छत्री उचलली. दारात थांबून त्यांनी पडद्याकडे न पाहता म्हटलं, "माझ्या चार मुली तुमच्या पडवीत शिकल्या. दुवेत आठवण ठेवा, उस्तानी."

अजानला पाऊण तास होता. मी पडवीत बसले. खूण नको म्हणाल्या, तर मोजणार कशा? गप्प बसून वेळेचा अंदाज किती बरोबर येतो हे पाहायला मी डोळे मिटले, मनात काही न म्हणता एक मिनिट झालंसं वाटलं की घड्याळ पाहिलं. सेहेचाळीस सेकंद. पुन्हा केलं. एक्काहत्तर. पुन्हा. त्रेपन्न. भाबींना करायला लावलं. "शंभरावर गेलं असेल," त्या म्हणाल्या. अडतीस.

जोहरची अजान झाली. वुजू आम्ही दोघींनी करून दिला, या वेळी उजवा हात आधी. खाट फिरवून किबल्याकडे, मक्केच्या दिशेला, केली. उस्तानी कडेला बसल्या, पाय जमिनीवर, पाठीशी दोन उशा. भाबींनी त्यांना पांढरी ओढणी बांधली, उजवा हात उचलून छातीखाली ठेवला, आणि डाव्याने त्यांनी तो स्वतः धरला.

भाबी स्वयंपाकघरात गेल्या. त्यांना बघवत नव्हतं. मी दाराजवळ चटईवर बसले. शारजाहून बाबांनी पाठवलेलं घड्याळ हातात होतं. मोजावं की नाही याचा मी विचार केला. ज्यांनी मला मोजायला शिकवलं त्या समोर होत्या, आणि मला त्यांच्यासाठी दुसरं काही करता येत नव्हतं.

उस्तानींनी डावा हात कानापर्यंत उचलून खाली आणला. ओठ मिटलेले होते. ते उघडले नाहीत.

त्यानंतर उस्तानी सहा वर्षं जगल्या. वाचेच्या डॉक्टरांकडे त्या अकरा महिने गेल्या आणि सव्वाशेच्या आसपास शब्द परत आणले, माझं नावही त्यांत होतं. आज मी प्रयोगशाळेत काम करते. माझ्या वह्यांत न दिलेल्या उत्तराचा रकाना वेगळा असतो. पण त्या दुपारची वही मी अजून जपली आहे, पेन्सिलीचे आकडे पुसट झालेत, तरी वाचता येतात. चार रकाती, प्रत्येकीत हात बांधल्यापासून रुकूसाठी वाकेपर्यंतचा वेळ.

पहिली, चोपन्न सेकंद. दुसरी, चोपन्न. तिसरी, पंचावन्न. चौथी, चोपन्न.